नगरची थंडी आणि आपला हुरडा
(संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी मंडळात केलेले भाषण)



मागच्या बैठकीत विषय निघाला की यंदाच्या हळदीकुंकवाला बाहेरच्या वक्त्या नकोत, आपल्यातल्याच कुणीतरी बोलावे. थंडीतल्या खाण्यापिण्यावर कोण बोलणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ‘तुमचा हात स्वयंपाकात चांगला चालतो,’ असे कुणीतरी म्हणाले. हात चालतो हो, पण तोंड कुठे चालते? माझे शिक्षण सातवी. माईकसमोर मी आज पहिल्यांदाच उभी आहे. तेव्हा चुकले माकले तर घरच्याच बाईचे बोलणे समजून घ्या.

आपले नगर म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडाला अजून नगरच येते. पावसाच्या बाबतीत देवाने आपल्याला हात आखडून दिले. थंडी मात्र सढळ हाताने दिली. मार्गशीर्ष लागला की पारा आठ-नऊवर येतो, काही वर्षी त्याच्याही खाली जातो. पहाटे माळीवाड्याच्या बसस्थानकावर उतरलात तर आधी चहाच्या टपरीवरची वाफ दिसते, मग टपरी दिसते. ग्लास दोन्ही हातांत धरून, तोंडाशी नेऊन नुसते शेकत उभे राहायचे. पिणे मागून. आले, गवती चहा, दूध, साखर, सगळे एकत्र खदखदलेले.

या चहावरून आठवले. आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद कैदेत होते, हे आपण शाळेत शिकलो. नेहरूंनी तिथे मोठे पुस्तक लिहिले, तेही शिकलो. पण आझादांनी त्याच किल्ल्यात पत्रे लिहिली आणि त्यांचे पुढे १९४६ साली उर्दूत पुस्तक निघाले, हे मला माझ्या मुलाने सांगितले. आझाद पहाटे तीन-चारला उठायचे आणि स्वतःच्या हाताने चहा करायचे. चहाही साधा नव्हे, चिनी, चमेलीच्या वासाचा, आणि दुधाशिवाय. आपण लोक दूध-साखर घालून चहाचा पातळ शिरा करून टाकतो, अशी त्यांची तक्रार होती! मुलाने हे सांगितले तेव्हा मी हसले. मग तो म्हणाला, ‘आई, ते किल्ल्यात असतानाच १९४३ साली तिकडे कलकत्त्याला त्यांची बायको वारली. शेवटची भेट झाली नाही.’ त्यानंतर काही दिवस पहाटेचा चहा ठेवताना मला ते आठवायचे. एवढ्या थंडीत, अंधारात एकट्याने चहा करणारा माणूस. असो. दुधाच्या चहाबद्दल मात्र माझे त्यांच्याशी जमायचे नाही.

आता बाजाराकडे वळू. थंडीत चितळे रोडवर भाजीला गेले की पिशवी भरते आणि पैसे उरतात, असे दिवस वर्षातून दोनच महिने असतात. मेथीच्या जुड्या, पातीचा कांदा, मुळा, लाल गाजरे, वाटाणा, ओला हरभरा. वालाच्या आणि घेवड्याच्या शेंगा तर किती तऱ्हेच्या. त्या शेंगांवरून आपल्याच जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे यांचे नाव घेतले पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाईंनी गावरान बियाणी जपली, वालाघेवड्याचे कितीतरी प्रकार राखले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. मी सातवी झाले म्हणून लाजते तेव्हा घरचे मला त्यांचेच नाव सांगतात.

राहात्याचे पेरू, श्रीगोंद्याची लिंबे, हे तुम्ही सगळ्या जाणताच. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून केलेली भाजी शहरात आता मिळत नाही म्हटले तरी चालेल. माझी आजी रात्री हरभऱ्याच्या पिकावर धुतलेले धोतर पसरून ठेवायची आणि पहाटे दवाने भिजलेले ते पिळून आंब काढायची. आंबट जहाल. पोट दुखले की चमचाभर. आता हरभऱ्यावर इतक्या फवारण्या असतात की ती आंब कुणाला द्यायची माझी छाती होणार नाही.

चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा, तिथून आपली थंडी खरी सुरू होते. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत तर त्या दिवशी भरताचा वास अंगणापर्यंत येतो. मग भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरे घातलेली लेकुरवाळी भाजी. २०२३ साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई मला भाकरी थापायला शिकवा म्हणून येतात. त्यांच्या भाकरीचा पापुद्रा सुटायला लागला आहे. आमच्या सासूबाईंना याचे फार हसू येते. त्यांच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाची आणि भाकरी गरिबाची होती.

पण घरातल्या माणसांना थंडीत मी काय करून घालते म्हणाल तर शेंगोळे. हे आपल्या भागाचे खास. हुलग्याचे पीठ, त्यात मूठभर ज्वारीचे, लसूण, हिरवी मिरची, जिरे वाटून घालायचे. पीठ घट्ट मळायचे. तळव्यावर तेल लावून बोटाएवढी सुरळी वळायची आणि दोन टोके जुळवायची. पातेल्यात लसणाची भरपूर फोडणी देऊन पाणी खळखळ उकळायचे आणि त्यात एकेक सोडायचा. पाणी उकळण्याआधी सोडलात तर पिठले होते, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी नालेगावातल्या आमच्या वाड्यात सगळ्या भाडेकरूंसमोर सिद्ध केले आहे. रस आपोआप दाट होतो, वेगळे काही लावावे लागत नाही. गरम गरम वाटीत घ्यावे. पडसे असेल तर नाक मोकळे होते.

त्याच वाड्यात शेजारी एक पंजाबी आजी होत्या, फाळणीच्या वेळी लहानपणी आलेल्या. त्यांनी मला गाजराचा हलवा शिकवला, दूध आटवून, खवा न घालता. पलीकडच्या आळीतल्या आपा थंडीत पायांचा रस्सा रात्रभर शिजत ठेवायच्या आणि आमच्याकडे कुणी आजारी असले की डबा यायचा. सासूबाई माळकरी, त्या डब्याला हात लावायच्या नाहीत. पण तो परतही पाठवू द्यायच्या नाहीत. ‘घरात आजारी माणूस आहे, ठेव,’ म्हणायच्या. बाजारातले म्हणाल तर बन्सी महाराजांची मिठाई आहे, संध्याकाळी कढईतले साय धरलेले दूध आहे, रेवड्या आहेत. त्यात माझे ज्ञान खाण्यापुरतेच.

गुळाबद्दल मात्र दोन शब्द सांगते, कारण संक्रांत आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून पिवळाधमक, सोन्यासारखा गूळ आणला. त्या गुळाच्या पोळ्यांना एक उग्र वास आला. पोळ्या खाल्ल्या नाहीत, फेकल्या. माझा भाऊ म्हणाला, ‘ताई, रंग बघून गूळ घेऊ नये. पिवळा यावा म्हणून रसात हायड्रॉस नावाची पावडर घालतात.’ पूर्वी गुऱ्हाळावर रसातली मळी काढायला भेंडीच्या रोपाचा चिकट रस वापरत. तो गूळ तांबूस-काळपट व्हायचा आणि पावसाळ्यात पाझरायचा. आपल्या जिल्ह्यात प्रवरेला १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी तो काढला आणि धनंजयराव गाडगीळांनी त्याला आकार दिला. मग एकेक कारखाना होत गेला, ऊस तिकडे गेला आणि गावोगावची गुऱ्हाळे कमी झाली. आता गरम काकवी भाकरीबरोबर खायची तर मुद्दाम शोधत जावे लागते. तर भगिनींनो, तिळगूळ करताना काळपट गूळ घ्या. लाडू दिसायला सावळे होतील, तेवढे होऊ द्या.

आता ज्याच्यासाठी मी खरी उभी राहिले ते सांगते.

हुरडा. ज्वारीचा दाणा दुधातून निघून टणक होण्याआधी आठ-दहा दिवस असा मऊ, गोड असतो, तो हुरडा. पौषात तो येतो. गूळभेंडी, सुरती, कुचकुची अशी त्याची खास जुनी वाणे. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर अशी वाणे दिली. जमिनीत आगटी करायची, गोवऱ्यांचा विस्तव धगधगू द्यायचा, कणसे त्यात खोचायची, फिरवायची आणि हात भाजत असतानाच चोळायची. गार झाले की दाणा सुटत नाही, म्हणून गरमच चोळावे लागते. पाखडून कोंडा काढायचा आणि पळसाच्या पानावर समोर ठेवायचा. बरोबर शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची चटणी, दही, गूळ, गोडी शेव. हे सगळे तुम्ही खाल्ले आहे.

माझे माहेर पारनेर तालुक्यातले. जिरायत जमीन. आईच्या तोंडून १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. म्हणून आमच्या घरात स्वतःच्या शेतातल्या शाळूच्या कणसाला हात लावताना आई आधी नमस्कार करायची.

कणीस हुरड्यात आले की पाखरे येतात. थव्याने येतात आणि पहाटेपासून येतात. राखण करायला कोण? घरातले मोठे कामाला, भाऊ शाळेत. तेव्हा मी. दरवर्षी पौष-माघात दीड महिना मी माळ्यावर उभी असायची, हातात गोफण आणि रिकामा डबा. सकाळी बोटे गारठून गोफणीची दोरी धरवत नसे. शाळेतून मुले घरी चालली की माळ्यावरून दिसायची. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असायची आणि माझे गणित तिथेच राहायचे. सातवीपर्यंत गावात शाळा होती, मी कशीबशी पास झाले. आठवीला पाच किलोमीटर चालत जायचे होते. वडील म्हणाले, ‘तशीही निम्मी शाळा शेतातच जाते तिची.’ त्यांना दोष देत नाही. दाणे पाखरांनी खाल्ले असते तर वर्षभर आम्ही काय खाल्ले असते? पण हुरड्याचे फोटो काढताना लोक म्हणतात की किती रम्य बालपण असेल तुमचे, तेव्हा मला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. गोड तर होताच हुरडा.

आणि तेव्हाही पाहुणे यायचे. वडिलांचे मित्र, सोयरे, मामलेदार कचेरीतले कुणी. पुरुष आगटीभोवती बसायचे. आई आणि चुलती चोळायच्या. त्यांनी बसून गरम हुरडा खाल्लेला मी पाहिला नाही. सगळे उठल्यावर सुपात उरलेला गार दाणा त्या तोंडात टाकायच्या, तोही काम करता करता.

आता माझ्या भावाने हुरड्याचाच धंदा केला आहे. शहरातून लोक येतात, माणशी पैसे देतात. चांगले झाले. नुसत्या ज्वारीवर आज पोट भरत नाही. ज्वारी कापत नाहीत, मुळासकट हाताने उपटतात. तळहाताला फोड येतात आणि त्या कामाला आता माणूस मिळत नाही. म्हणून लोक कांद्याकडे वळले, पाणी असेल तिथे उसाकडे. कांद्याचे काय होते ते नेप्तीच्या बाजारात गोणी विकून आलेल्या माणसाचा चेहरा पाहून कळते. हुरड्यामुळे माझ्या भावाने चार एकर शाळू टिकवला, गुरांना कडबा राहिला. पण आगटीवर अजून बायकाच आहेत. माझी वहिनी आणि गावातल्या सहा बाया, सकाळी आठपासून तीनपर्यंत धुरात. पाहुण्यांच्या करमणुकीला मोठ्याने गाणी लावलेली, त्यामुळे एकमेकींशी बोलायचीही सोय नाही.

गेल्या वर्षी आपण अडतीस जणी तिथे गेलो. दिवस फार छान गेला, मीही तुमच्याबरोबर झोक्यावर बसले. निघताना हिशेबाच्या वेळी आपल्यातल्याच एकीने म्हटले, ‘घरचाच मळा आहे, मंडळाला काही कमी नाही का करायचं?’ बोलणे चेष्टेचे होते, वाईट हेतूचे नव्हते. भावाने वहिनीकडे पाहिले, वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. माणशी पन्नास रुपये कमी झाले. खरे सांगते, मला त्या वेळी बरेच वाटले. माझ्या माहेरामुळे मंडळाचे एकोणीसशे रुपये वाचले, बसमध्ये तुम्ही माझ्यासाठी टाळ्याही वाजवल्या.

चार दिवसांनी वहिनीचा फोन आला, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता मी विचारले, त्या दिवशी परवडले ना? ती म्हणाली, ‘वन्सं, त्या सहा बायांची हजेरी साडेतीनशेप्रमाणे एकवीसशे झाली. ती तर द्यावीच लागते. आपलं काय, आपण घरचेच.’ पुढे ती म्हणाली, ‘आणि तुमच्या बायकांनी पानात बराच टाकला हो. मी कोंबड्यांना घातला.’ ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला सोपे गेले असते.

मी वर्षभर हे कुणाला सांगितले नाही. पाखरे राखताना गोठलेल्या बोटांचे कौतुक स्वतःचे असले की करता येते. समोरची बाई आपल्यासाठी हात भाजून घेते तेव्हा मी गप्प बसले. तीही माझीच वहिनी. तुम्हाला कशाला बोलू, माझ्याच माहेरच्या मळ्यात मी पाहुण्यांसारखी वागले.

यंदा कार्यकारिणीत पुन्हा सहलीचा विषय आला. मी अध्यक्षीणबाईंना आधी सांगून ठेवले होते की मला भाषणात काही मागायचे आहे. त्या म्हणाल्या, ‘मागा, मग बघू.’ तर मागते. येत्या रविवारी जायचे असेल तर ठरलेली रक्कम पूर्ण द्यायची, कमी करा म्हणायचे नाही. गाणी बंद ठेवायला मी भावाला सांगितले आहे, आपल्यातच गाणाऱ्या पुष्कळ आहेत. आणि दुपारी बारा वाजता आपण दहा-दहा जणींनी आळीपाळीने आगटीवर बसायचे. वहिनी आणि त्या सहा बाया पानावर बसतील. कणीस कसे खोचायचे, कसे चोळायचे ते मी शिकवीन. हात भाजतील, आधीच सांगते. पहिल्या खेपेला निम्मे दाणे कणसातच राहतील, तेही सांगते. ज्यांना धुराचा त्रास आहे त्यांनी चटण्या वाढाव्यात.

चटणी आपण इथूनच करून नेऊ. शेंगदाण्याची मी करते, जवसाची आणि खोबऱ्याची कुणीतरी हात वर करा. बस माळीवाड्यावरून सकाळी सात वाजता सुटेल, साडेसातला नाही. स्वेटर आणा, उघड्या रानात वारा फार लागतो. सुती नऊवारी किंवा जुनी साडी नेसा, ठिणगी उडते. पैसे आज हळदीकुंकू झाल्यावर खजिनदारबाईंकडे द्यायचे आहेत, त्या दाराशी वही घेऊन बसल्या आहेत. आणि तिळगूळ घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका. लाडू यंदा काळपट आहेत, का ते मघाशी सांगितलेच आहे.